रॉड दारातच राहील

अक्का, तुला डासानं मारलं. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी फाटे फोडायला नकोत. ताप आला, तो तू अंगावर काढलास, प्लेटलेट घसरल्या, नगरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी जिवाचं रान केलं आणि तरीही तू गेलीस. ताप अंगावर का काढलास याबद्दल तुझ्याशी वेगळं भांडायचं आहे, ते नंतर. आधी गावाचं सांगते. पिठाच्या गिरणीत, भिशीत, बाजारात, जिथं चार बायका जमतात तिथं एकच चाललंय, "वजनं उचलून उचलून गेली." डास नामानिराळा राहिला आणि नाव रॉडाचं झालं.

"बाईच्या जातीला झेपतं का ते?" असं म्हणतात. मग एक उसासा टाकतात आणि वर म्हणतात, "पन सवाष्ण गेली हो, भाग्याची." भाग्याची म्हणे! अजून पन्नाशी गाठली नव्हतीस, पोराचं लग्न बघायचं राहिलं होतं, आणि कपाळाला कुंकू घेऊन गेली म्हणून भाग्याची. दुखवट्याला आलेल्या त्या बायकांपुढं मी चहा ठेवला आणि आत निघून गेले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "संगे, तोंड आवर." आता तू नाहीस आणि मी तोंड आवरणार नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, धाकटी जाऊ थोरल्या जावेला असं अगं-तुगं कशी करते. घरात मी तुला अहो जाऊबाईच म्हणायचे. पण वखारीतल्या आपल्या जिमचं शटर वर गेलं की 'अक्का' आणि 'तू', हा नियम तुझाच. पहिल्याच आठवड्यात तू मला बेंचवर आडवी केलीस, रॉड हातात दिलास आणि म्हणालीस, "उद्या हा छातीवर अडकला तर 'अहो जाऊबाई, जरा धरता का' म्हणंस्तवर मरशील. 'अक्का, धर!' म्हणायचं. लहान बोलायचं." तेव्हापासून घरी लांब आणि वखारीत लहान बोलणं चालू झालं. आत्याबाई, म्हणजे आपली सासू, एकदा शटरच्या आत येऊन ते ऐकून गेल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हे लिहिणं शटरच्या आतलं आहे, म्हणून तू.

वखार तू मागितलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. पत्र्याची ती वखार तुझ्या नवऱ्याची, आपल्या सगळ्यांच्या दादांची, कांदा ठेवायची जागा. पोरगा पुण्याला नोकरीला लागला आणि तू जेवायला वाढता वाढता म्हणालीस, "मला ती वखार पायजे. बायकांची जिम काढायची हाय." दादांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "आन कांदा?" तू म्हणालीस, "कांदा कुठंबी ऱ्हातो. बाया कुठं ऱ्हात्यात?" दादा हसले आणि तिथंच तू जिंकलीस.

मग तू माझ्या खोलीत आलीस आणि म्हणालीस, "तुझा तो कोर्स काढ बाहेर." लग्नाआधी मी नगरला आयटीआयमध्ये आरेखकाचा कोर्स केलेला, इमारतींचे नकाशे काढायचा. त्याचं सर्टिफिकेट ट्रंकेत तळाला, त्यावर शालू. या घरात येऊन मला कुणी कधी विचारलं नव्हतं की तुला काय येतं. स्वयंपाक येतो का, एवढं विचारलं होतं. तू विचारलंस. त्या एका गोष्टीसाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे, आणि हे तुझ्या तोंडावर म्हणायला गेले असते तर तू हातातली वजनाची प्लेट माझ्या पायावर टाकली असतीस.

वखार झाडून घेतली तरी कांद्याची साल कोपऱ्याकोपऱ्यातून निघतच होती. वासाचं तर विचारूच नये. मी टेप लावली, खडूनं फरशीवर आखायला बसले. शहाण्यासारखं आखलं: पुढं सायकली आणि ट्रेडमिल, मध्ये मशिनी, मागं वजनं. तू कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिलीस आणि मग पायानं माझा खडू पुसून टाकलास. मला असा राग आला!

"आधी बाया काढ," तू म्हणालीस. "मशिनी काय काढतीस? कोन येनार ते काढ. मग त्यांची जागा. मग त्या जागंचा रॉड."

तो नकाशा मी आयुष्यात विसरणार नाही. इकडं गुडघ्यावाल्या, आत्याबाईंच्या वयाच्या, त्यांना उठबस करायला भिंतीचा आधार. तिकडं खुरपून खुरपून कंबर धरलेल्या. नुकत्या बाळंत झालेल्या पंख्याखाली, अंथरुणावरचं बाळ नजरेसमोर राहील अशा बेतानं. पोलीस भरतीच्या पोरींना सगळ्यात मोठी जागा, कारण त्यांना गोळा लांब टाकायचा आणि त्यासाठी अंगात झटका हवा. प्रत्येकीला तू खडूचा गोल काढलास आणि मला म्हणालीस, आता तुझी अक्कल चालव.

मग माझी चालली. मी तुला सांगितलं की रॉड सात फुटांचा असला तरी त्याला जागा दहा फुटांची लागते, कारण टोकाला प्लेट घालणारी बाईही माणूस आहे, तिला उभं राहायला नको का? स्क्वॉटच्या, म्हणजे रॉड पाठीवर घेऊन उठबस करायच्या घोड्यामागून येण्याजाण्याची वाट नको. दंडांचा झिगझॅग रॉड आखूड असतो, तो कोपऱ्यात जाईल. तू मान हलवत होतीस आणि मला वाटत होतं, अरे, हे मला येतं की!

रॉडांवरून मात्र आपण महिनाभर भांडलो. स्क्वॉटला जाड, न वाकणारा वीस किलोचा हवा, इथवर दोघींचं एकमत. पण त्याच्या मधोमध खरखरीत पट्टा असावा असं तुझं म्हणणं, म्हणजे पाठीवरून घसरत नाही. मी म्हटलं, आपल्याकडच्या बाया ओढणी घेऊन येणार, त्या पट्ट्यात ओढणी अडकून फाटेल आणि दुसऱ्या दिवशी घरचे पाठवायचे नाहीत. तू म्हणालीस, "मग ओढनी खुंटीला लावायची." मी म्हटलं, "तू लावशील, नवी सून लावंल का?" शेवटी दोन आणले, एक पट्ट्याचा आणि एक बिनपट्ट्याचा. हळूहळू ओढण्या खुंटीला गेल्या आणि बिनपट्ट्याचा रॉड बेंचकडं सरकला. हे भांडण तू जिंकलीस, मान्य.

कंबरवाल्यांसाठी तो षटकोनी रॉड आणलास, मध्ये उभं राहून दोन्ही बाजूंनी धरून उचलायचा. त्यात वजन अंगाच्या पुढं येत नाही, कंबरेवर कमी ओढ बसते. बाया त्याला 'चौकट' म्हणायच्या. "अक्का, चौकटीत कोन हाय? माझा नंबर!" आणि भरतीच्या पोरींना पंधरा किलोचा बारीक रॉड, ज्याची टोकं गरगर फिरतात, म्हणजे झटक्यात वर घेताना मनगट पिरगळत नाही. तो घ्यायला आपण नगरला गेलो तेव्हाचा तो दुकानदार आठवतो का? म्हणाला, "लेडीजला एवढं कशाला मॅडम, गुलाबी डंबेल्स आहेत ना, फार चालतात." तू शांतपणे विचारलंस, "तुमच्या घरी बायकोला सैपाकाला काय दिलंय, भातुकली?" त्याच्या गल्ल्यावरच्या पोरानं तोंड फिरवून हसू दाबलं. येताना एसटीत तू मला म्हणालीस की मुठीत बसंल तोच रॉड, बाईला पुरुषाच्या मापाचा दांडा देऊन वर तीच कच्ची म्हणायचं हे आता बास झालं. मग तू खिडकीला डोकं टेकून घोरायला लागलीस.

आणि नव्या बाईला तर रॉडच नाही. तिनं घरून कुदळीचा दांडा आणायचा. हाही नियम तुझाच. "कुदळ सगळ्यांच्या घरी हाय. आधी दांडा, मग रॉड." दांड्यावर वाकायचं कसं, उठायचं कसं, डोक्यावर न्यायचं कसं ते सगळं शिकायचं, आणि रॉडावर गेली तरी दांडा तिथंच ठेवायचा, शटरच्या डाव्या कोपऱ्यात. कुणाचा दांडा चिंधी बांधलेला, कुणाचा रंग लावलेला. आत्याबाईंचासुद्धा एक आहे, आखूड, टोकाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेला. दोन दिवस न बोलणाऱ्या बाईला तू कसं वळवलंस, हे अजून माझ्या डोक्याबाहेर आहे. "गुडघ्याला तेल चोळन्यापरीस बरं पडतंय," एवढंच त्या म्हणायच्या.

दोन भांडणं मात्र मिटली नाहीत. पहिलं फळीचं. पोरी जिथं रॉड उचलतात आणि टाकतात ती प्लायची मोठी फळी तुला शटराच्या तोंडाशी हवी होती, रस्त्यावरून दिसेल अशी. मी म्हटलं होतं, जमायचं नाही. वखारीची फरशी दाराकडं उतरती आहे, सडक्या कांद्याचं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम केलेली. दारात फळी टाकली तर रॉड गडगडत थेट बाजारात जाईल आणि कुणाची तरी कोथिंबीर चेचेल. तू म्हणायचीस, "कारन उताराचं सांगतीस, पन तुला लोकांची लाज वाटती." मी म्हणायचे, "मला पाणसळ कळते, लाज बाजूला ठेव." फळी मागच्या भिंतीला गेली. दर चारदोन महिन्यांनी तू ते उकरून काढायचीस.

दुसरं भांडण तेलाचं. खंडेनवमीला आपल्याकडं विळा, कोयता, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा, तशी रॉडांची हवीच, याला माझी ना नव्हती. पण तू त्यांना तेल पाजायचीस! तुझे वडील तालमीतले, ते मुद्गलांना तेल लावायचे, म्हणून तू रॉडांना लावायचीस, अगदी धरायच्या खरखरीत भागालासुद्धा, बोटानं चोळून. अगं, त्या खरखरीत दाण्यांवरच तर हात बसतो! तेल मुरलं की रॉड हातातून माशासारखा सटकतो. दर दसऱ्याला पोरींच्या आधी मी वखारीत, एका हातात रॉकेल आणि दुसऱ्यात ब्रश, घासघासून तेल काढतेय. तू दारात येऊन म्हणायचीस, "देवाचं तेल पुसतीस, पाप लागंल." मी म्हणायचे, "लागू दे, पायावर रॉड पडन्यापेक्षा बरं."

आता दशक्रियेचं सांगते. सकाळी ओढ्याकाठी पिंड मांडले. तुझ्या आवडीचं काय ठेवायचं यावरून घरात खल झाला. तुझी आवड उकडलेली अंडी, पण ती पिंडाशेजारी ठेवली असती तर गुरुजी आल्या पावली परत गेले असते. मी गूळ-शेंगदाणे ठेवले. रीत तुला ठाऊक आहे: माणसाचं काही राहिलं असलं तर कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढं होतो, शब्द देतो, 'पोराचं बघू', 'म्हातारीला अंतर देणार नाही', आणि जिथं जीव अडकलाय नेमका तो शब्द आला की कावळा उतरतो. मी घरून माझा शब्द पाठ करून आले होते. 'अक्का, वखार चालू राहील. फळी राहील, रॉड राहतील, पोरी राहतील.' सगळ्या भावकीदेखत म्हणायचा, म्हणजे उद्या दादांना मोडता यायचा नाही. ठरवलं होतं, आधी सगळ्यांना बोलून दमू दे. कावळा कुठं येतोय? मग मी पुढं होईन.

आणि तो मेला कावळा! गुरुजी धड बाजूलासुद्धा झाले नव्हते. झाडावरून सरळ पिंडावर, आणि वर माझे शेंगदाणे घेऊन पसार. कुणी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

भावकीतले तात्या, ज्यांना प्रत्येक दशक्रियेत शेवटचं बोलायचं असतं, ते म्हणाले, "बगा. काय म्हंजे काय राहिलं न्हाई बाईचं. मोकळी झाली." सगळ्यांनी हात जोडले. दादांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "तिचंच काही राहिलं न्हाई, तर मग वखारीचं तरी काय राहिलं. दसरा झाला की नवा लाल कांदा येतोय. माल ठिवायला जागा लागंल." झालं! एका कावळ्यानं तुझी जिम बंद केली.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "त्याला भूक लागली हुती!" सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "तात्या, पाऊस थांबेना, चार दिवस त्या पाखराला काय मिळालं नसंल. त्याला विचारून का वखार द्यायची?" आमच्या ह्यांनी माझं मनगट धरलं. तात्या म्हणाले, "सुनबाईला दुखानं सुधरंना." मला चांगलं सुधरत होतं.

आणि तुलाही विचारते, अक्का, कारण मनातून मी तुझ्यावरच चिडले होते. एवढी घाई कसली होती? थोडी अडून बसली असतीस तर काय बिघडलं असतं? आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर अडून बसलीस, रॉडाच्या पट्ट्यावर अडलीस, तेलावर अडलीस, आणि जिथं अडायचं तिथं झटक्यात मोकळी? की तुला वाटलं, संगीच्या तोंडून शब्द काढून घ्यायची गरजच नाही? तसं वाटलं असेल तर मग मला बोलायला जागाच राहत नाही.

दादांना मी वाईट म्हणत नाही. संध्याकाळी ओसरीवर त्यांनी मला हळूच विचारलं, "संगीता, खरं सांग. लई उचलत हुती का गं ती?" मी म्हटलं, "दादा, डास." ते म्हणाले, "ते डॉक्टर म्हन्त्यात." बघ, गावाचं बोलणं असं घरात शिरलं. त्या माणसाला वाटतंय की त्यानं वखार दिली म्हणून तू गेलीस. कांदा भरला की त्याला वाटेल, कधी दिलीच नव्हती. पण त्यासाठी मी तुझ्यावर कांदा ओतू देणार नाही, हे मी तिथंच मनाशी बांधलं.

पुढच्या दिवसांत दांडे जायला लागले. कुणी सरळ बोलेना. "कुदळीला दांडा न्हाई घरात, म्हनून न्यायला आले." "ह्यांना रोज शेतात लागतोय." एकेक आई यायची, डाव्या कोपऱ्यातून आपल्या लेकीचा दांडा उचलायची आणि माझ्याकडं न बघता निघून जायची. शीतलची आई आली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. शीतल, तुझी लाडकी, भरती तोंडावर आलेली, गोळा आत्ता कुठं लांब जायला लागलेला. मी म्हटलं, "वहिनी, तिचं वर्ष वाया जाईल." त्या म्हणाल्या, "वर्ष जाऊ द्या बाई, पोरगी ऱ्हाऊ द्या. माझी लग्नाची हाय. पिशवी सरकली, शीर तुटली, मग कोन करील?" मी म्हटलं, "परवा कांद्याच्या गोण्या टेम्पोत कुणी भरल्या? तवा पिशवी कुठं ठिवली हुती तिनं?" त्या दांडा घेऊन गेल्या. कोपऱ्यात आत्याबाईंचा आखूड दांडा तेवढा उरला, आणि तुझा.

मी फळीवर बसून रडले, अक्का. खोटं कशाला सांगू. मला तुझ्यावाचून करमत नाही. चहा दोन कप टाकते. कुणी वेडंवाकडं बोललं की सांगायला तुझ्याकडं वळते. रडून झाल्यावर मात्र असा संताप आला की उठले आणि टेप काढली. तुझं म्हणणं डोक्यात घुमत होतं, रस्त्यावरून दिसलं पायजे. मागच्या भिंतीला, अंधारात, काय चालतं ते कुणी बघितलंच नव्हतं. बघितलं नाही म्हणून वाटेल ते रचता आलं. लोकांनी पिशव्या सरकवल्या, शिरा तोडल्या, आणि आपण आत शिस्तीत उठाबशा मोजत होतो.

उतार दोन बोटं आहे. मी पहिल्यापासून सांगत होते आणि तो आहेच. पण दोन बोटांचा उतार मोडायला काय लागतं? पाचरी लागतात. सुताराकडून उतरत्या पाचरी करून आणल्या, आमच्या ह्यांना धरून आणलं, ते कुरकुरत का होईना पण आले, आणि दोघांनी ती फळी ओढत दारात आणली. खाली पाचरी मारल्या, वर गवंड्याची लेव्हल बाटली ठेवली, बुडबुडा मध्यावर येईस्तवर ठोकत राहिले. मग पंधराचा रॉड मध्ये ठेवून सोडला. जागचा हलला नाही. ऐकतेस ना? उताराबद्दल माझं बरोबर, जागेबद्दल तुझं बरोबर.

बाजारच्या दिवशी सकाळी शटर पार वर केलं. समोर भाजीवाल्या, शेवचिवड्याची गाडी, मोटारसायकली. मी ओढणी खुंटीला लावली आणि फळीवर उभी राहिले. तुला माहीत आहे, मी कधी उचलणारी नव्हते, माझं काम नकाशाचं आणि प्लेटा जागेवर लावायचं. पण दांड्याचं वळण तू अंगात घातलेलं होतं. रॉड घेतला, खांद्याला आणला, वर नेला. गर्दी थांबली. कुणीतरी गर्दीतून म्हणालं, "आता ही दुसरी जानार."

मी रॉड खाली ठेवला आणि म्हटलं, "जानारच की! तुमीबी जानार, मीबी जानार. तवर उभं ऱ्हाऊन बघा."

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी वाट काढत येतंय असं दिसलं. आत्याबाई! काठी टेकत टेकत, एकट्या, घरून चालत. दारात आल्या, चपला काढल्या, काठी भिंतीला लावली आणि कोपऱ्यातला आपला चिंधीचा दांडा उचलला. फळीवर चढायला मी हात दिला तर झटकला. दांडा आडवा धरला, गुडघ्यात वाकल्या, उठल्या, आणि खांदा जाईल तिथवर वर नेला. मग गर्दीकडं वळल्या. सुनेपुढंसुद्धा पदर न सोडणारी बाई भर बाजारात बोलली.

"माझी सून डासानं गेली. रॉडानं न्हाई. कुनाला काय म्हनायचं आसंल तर मला म्हना, मागनं कुजबुजू नका. आन हे बगा," आणि त्यांनी पुन्हा खाली बसून दाखवलं, "दोन वर्सांमागं मला हितून उठता येत नव्हतं. तात्या, तुमाला येतं का बसता?"

बाजार हसला. तात्या खरंच तिथं होते, मेथीची जुडी हातात घेऊन. बसता येत नाही त्यांना, सगळ्या गावाला माहीत आहे.

त्या दुपारी शीतल आली. दांडा खांद्यावर टाकून, मागं आई. आईचा चेहरा लांबलेला, पण आली. शीतलनं दांडा डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि मला म्हणाली, "काकू, अक्कांनी मला पंधराच्या रॉडवर आनलं आन आता मी घरी बसू व्हय?" तिनं फळीवर जाऊन असा झटका दिला की रॉडाची टोकं गरगरली. तिच्या आईनं तोंडावर हात धरला. मग हात खाली घेऊन म्हणाल्या, "एवढं उचलती व्हय ही? मला वाटलं, नुसत्या उड्या मारत्यात." अक्का, त्या बाईनं आपल्या पोरीला उचलताना कधी बघितलंच नव्हतं! तुझी फळी आधीच दारात असती तर तिनं केव्हाच बघितलं असतं, हे म्हणायची तुझी संधी हुकली.

सगळ्या आल्या नाहीत अजून. काहींचे दांडे कुदळींनाच बसलेत, बसू देत. रोज शटर पार वर असतं आणि जो तो जाता येता बघतो.

दादा त्या संध्याकाळी आले. आत आले नाहीत. पायरीवर बसले, रस्त्याकडं पाठ आणि फळीकडं तोंड करून. शीतल आणि दोघी पोरी उचलत होत्या. बराच वेळ बघत राहिले. उठताना एवढंच म्हणाले, "ती मधली पोरगी उचलताना कंबर ढिली सोडती. तिला सांग." मी थक्क झाले. एवढी वर्षं तू जेवताना बडबडायचीस ते त्यांच्या कानात शिरत होतं तर! दुसऱ्या दिवशी कांद्यासाठी त्यांनी पलीकडचं शेड बघितल्याचं आमच्या ह्यांनी सांगितलं.

काल ते पुन्हा आले. हातात बाटली. फळीच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "उद्या खंडेनवमी. दुखाचं वर्स हाय, पूजा न्हाई करायची. पन तिच्या रॉडांना तेल लाव. ती लावायची." एवढं बोलून तोंड फिरवून निघून गेले.

बाटली माझ्यासमोर आहे. करडईचं आहे, तू आणायचीस तेच. घरच्यांना वाटतंय, यंदा तरी संगीता मान तुकवेल, तिच्या आठवणीसाठी लावेल. पंधराचा रॉड मी मांडीवर घेऊन बसले आहे, त्याच्या खरखरीत दाण्यांवर खडूची पूड बसलीय, शीतलच्या हाताची. परवा भरतीची पोरगी हा डोक्यावर नेणार आहे. तिच्या डोक्यावर हा सटकला, तर गाव म्हणेल, बघा, दुसरी गेली. तेवढ्यासाठी तरी तो हातात गच्च बसला पाहिजे.

तेव्हा ऐक. दारात फळी तुझी, रॉड तुझे, दांड्यांचा कोपरा तुझा, त्यात मी काडीचा बदल करणार नाही. पण तेल नाही म्हणजे नाही. दादांच्या बाटलीनं मी शटराच्या पट्ट्यांना तेल घातलंय, आता ते एका बोटानं वर जातं. तुला पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी. शटर उघडंच आहे.